झेन पंथ आणि दैनंदिन साधना

महायान बौद्ध धर्मातील एक ध्यानप्रधान पंथ. संस्कृत ‘ध्यान’ (पाली ‘झान’) ह्या शब्दाचे चिनी लिप्यंतर ‘चान-ना’ असे झाले. त्याचे संक्षिप्त रूप ‘चान’ आणि त्याच चिनी अक्षराचा जपानी उच्चार ‘झेन’ होय. कोरियात ह्या पंथास ‘सॉन’ व व्हिएटनाममध्ये ‘थिएन’ म्हणतात. ध्यान बौद्ध धर्माच्या सर्वच शाखांत आहे. त्यामुळे केवळ ध्यानावरील भर हे झेनचे वेगळेपण ठरत नाही. तांदूळ निवडणे, सरपण आणणे, शेत खणणे, भांडी घासणे यांसारखी रोजची कामे त्याने साधनेच्या बाहेर ठेवली नाहीत, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. ह्या शिकवणीने प्रथम भिक्षूंच्या मठातील जीवन बदलले, पुढे ती गृहस्थांपर्यंत पोहोचली आणि विसाव्या शतकात जगभर पसरली. परंतु रोजचे कोणतेही कर्म जर साधना ठरू शकते, तर साधना न ठरणारे कर्म कोणते, हा प्रश्नही तिच्याबरोबरच जन्मास आला. झेन पंथाच्या इतिहासातील कित्येक वाद ह्याच प्रश्नाभोवती फिरतात.

भारतीय पूर्वपीठिका : दैनंदिन कृतींतील सावधानता ही झेनची नवी कल्पना नव्हे. मज्झिमनिकायातील ‘सतिपट्ठान सुत्ता’त चालताना, वळून पाहताना, चीवर अंगावर घेताना, खातापिताना, इतकेच नव्हे तर मलमूत्रविसर्जन करतानाही भिक्षूने आपल्या कृतीचे भान ठेवावे, असा उपदेश आहे. तथापि ह्या यादीत शेतकाम नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. विनयाच्या नियमांनुसार भिक्षूने जमीन खणणे व वनस्पती तोडणे हे दोष मानले गेले होते. कारण त्यात जीवहिंसा होती. भिक्षूने भिक्षेवर जगावे आणि उपासकांनी त्यास अन्न द्यावे, अशी ती व्यवस्था होती. दुसरीकडे महायान परंपरेत विमलकीर्तिनिर्देश ह्या सूत्राने वैशालीच्या एका संसारी गृहस्थालाच ज्ञानाचा अधिकारी ठरविले. अरण्यात एकांती ध्यानास बसलेल्या शारिपुत्राला हा गृहस्थ खऱ्या ध्यानाविषयी चार शब्द सुनावतो. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेले ह्या सूत्राचे चिनी भाषांतर चीनमधील सुशिक्षित गृहस्थांमध्ये अतिशय लोकप्रिय झाले. झेनच्या पुढील विकासात ह्या भाषांतराचा वाटा मोठा आहे.

बोधिधर्म : परंपरेनुसार ह्या पंथाचा चीनमधील आद्य आचार्य बोधिधर्म हा होय. तो दक्षिण भारतातील एका राजाचा तिसरा पुत्र होता, असे त्याच्या नावावरील एका ग्रंथाच्या जुन्या प्रस्तावनेत म्हटले आहे. मात्र त्याचा सर्वांत जुना उल्लेख आढळतो तो लो-यांग शहरातील विहारांचे वर्णन करणाऱ्या इ. स. ५४७ च्या एका चिनी पुस्तकात आणि तेथे तो इराणकडून आलेला वृद्ध भिक्षू आहे. शहरातील उंच स्तूप पाहून तो थक्क झाला, एवढेच त्यात सांगितले आहे. ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाशी झालेला त्याचा संवाद, शाओ-लिन मठात भिंतीकडे तोंड करून घालविलेली नऊ वर्षे इ. कथा नंतरच्या काळात रचल्या गेल्या. तुन-ह्वांग येथील गुंफेत १९०० मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ह्या पंथाच्या आरंभकाळाविषयीचे अनेक समज बदलले.

बोधिधर्माच्या शिकवणीशी ज्याचा निकटचा संबंध जोडता येतो, असा ग्रंथ म्हणजे दोन प्रवेश व चार चर्या सांगणारे एक छोटे प्रकरण. तत्त्वज्ञानाने होणारा प्रवेश व आचरणाने होणारा प्रवेश असे दोन मार्ग त्यात सांगितले असून आचरणाचे चार भाग केले आहेत : दुःख वाट्यास आले असता ते पूर्वकर्माचे फळ समजून कटुतेशिवाय सोसणे, सुखदुःखाच्या बदलत्या परिस्थितीत चित्त ढळू न देणे, कशाचीही हाव न धरणे, आणि धर्मास अनुसरून, विशेषतः दानबुद्धीने वागणे. यात गूढ असे काहीच नाही. पुढच्या काळात झेनची ओळख ठरलेली कोडी, आरोळ्या व काठीचे तडाखे येथे मुळीच आढळत नाहीत. ज्याला मठात किंवा घरात, चांगल्यावाईट दिवसांत जगावयाचे आहे, अशा माणसासाठी दिलेला हा साधा आचारधर्म आहे. यांपैकी पहिल्या चर्येतील पूर्वकर्माच्या कल्पनेचा उपयोग पुढे कसा झाला, ते शेवटी पाहावयाचे आहे.

ह्वेइ-नंग : सहावा आचार्य मानला गेलेला ह्वेइ-नंग (६३८–७१३) हा दक्षिण चीनमधील सरपण विकून आईचे पोट भरणारा निरक्षर तरुण होता, अशी कथा आहे. पाचवा आचार्य हुंग-रन (६०१–६७४) याच्या मठात तो आला, तेव्हा त्याला भिक्षू न करता धान्य कांडण्याच्या कामावर ठेवण्यात आले. विद्वान शिष्य शन-श्यू याने मनाच्या आरशावरील धूळ सतत पुसत राहावी, अशा अर्थाची रचना केली. तीस उत्तर म्हणून ह्या मजुराने मुळात आरसाच नाही, मग धूळ कोठे बसणार, अशा आशयाची रचना भिंतीवर लिहवून घेतली आणि आचार्यपदाचे चिन्ह असलेले चीवर रात्री गुपचूप त्यालाच मिळाले. ही हकीकत पीठसूत्र ह्या ग्रंथात आली आहे. चिनी विद्वान हू श (१८९१–१९६२) यांनी तुन-ह्वांगच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून दाखवून दिले, की ह्वेइ-नंगच्या माहात्म्याची उभारणी मुख्यतः त्याचा शिष्य शन-ह्वेइ याने इ. स. ७३२ पासून शन-श्यूच्या अनुयायांविरुद्ध चालविलेल्या प्रचारातून झाली. प्रत्यक्षात शन-श्यू हा राजदरबारी सन्मान पावलेला थोर आचार्य होता आणि त्याची शिकवण विरोधकांनी रंगविली तितकी उथळ नव्हती.

कथा ऐतिहासिक नसली, तरी तिचा परिणाम ऐतिहासिक आहे. ग्रंथज्ञान नसलेला, उखळीपाशी राबणारा मनुष्य सर्वोच्च पदास पोहोचू शकतो, हे तिने चीनच्या जनमानसावर ठसविले. पीठसूत्रात समाधी व प्रज्ञा ह्या दिवा व त्याचा प्रकाश यांप्रमाणे अभिन्न मानल्या असून साधनेसाठी मठातच राहिले पाहिजे असे नाही, ती घरी राहूनही करता येते, असे स्पष्टपणे सांगितले आहे.

मा-त्सू आणि त्सुंग-मी : आठव्या शतकात मा-त्सू (७०९–७८८) ह्या आचार्याने हाच विचार टोकाला नेला. माणसाचे नेहमीचे, सहज मन हाच मार्ग होय. कृत्रिम खटाटोपाने त्याला मलिन करू नये, अशी त्याची शिकवण होती. चालणे, बसणे, बोलणे, हात हलविणे हे सर्व बुद्धस्वभावाचेच कार्य आहे, असे त्याचे अनुयायी म्हणत. पाणी भरणे व सरपण वाहणे हीच आपली दिव्य सिद्धी, असे मानणारा फांग हा गृहस्थ त्याच्याच शिष्यवर्गातील होता.

ह्या विचारास पंथाच्या आतूनच विरोध झाला. त्सुंग-मी (७८०–८४१) ह्या व्यासंगी भिक्षूने असा आक्षेप घेतला, की प्रेम व द्वेष, दया व क्रौर्य ही सर्वच जर सारख्याच प्रकारे बुद्धस्वभावाची कार्ये असतील, तर चांगले व वाईट यांतील भेद कशाच्या आधारे करावयाचा? आकस्मिक जागृती त्यालाही मान्य होती. पण जागृतीनंतर सवयी, वासना व वर्तन यांच्या दीर्घ संस्करणाची गरज उरतेच, असे त्याचे म्हणणे होते. कोरियातील चिनुल (११५८–१२१०) याने हीच भूमिका स्वीकारून तिला तेथील सॉन पंथाच्या केंद्रस्थानी आणले. चीनमध्ये मात्र विजय मा-त्सूच्या परंपरेचा झाला. तिची भाषा अधिक धारदार होती आणि तिच्या कथा अधिक लक्षात राहणाऱ्या होत्या, हेही त्याचे एक कारण असावे. त्सुंग-मीने विचारलेला प्रश्न मात्र त्यामुळे सुटला नाही.

श्रमाचा नियम : मा-त्सूचा शिष्य पाय-चांग (७४९–८१४) याच्याकडे झेन मठांच्या आचारसंहितेचे जनकत्व देण्यात येते. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी अन्न नाही, हा त्याचा दंडक प्रसिद्ध आहे. वृद्धपणी त्याने शेतात राबू नये म्हणून शिष्यांनी त्याची अवजारे लपविली, तेव्हा अवजारे परत मिळेपर्यंत त्याने अन्नास स्पर्श केला नाही, अशी कथा सांगतात. लहानथोर सर्वांनी बरोबरीने करावयाच्या ह्या श्रमास ‘पु-चिंग’ म्हणजे ‘सर्वांस पाचारण’ असे नाव होते. खणणे व तोडणे यांवरील जुन्या विनयाच्या बंधनापुढे, जमीन खणताना कर्त्याच्या मनात लोभ व आसक्ती आहे की नाही याला महत्त्व आहे, असे समर्थन पुढे करण्यात आले. भारतातून आलेल्या भिक्षुधर्मात चीनमध्ये झालेला हा बहुधा सर्वांत दूरगामी बदल होय. श्रमाला मान देणाऱ्या आणि भिक्षेकऱ्याला परोपजीवी समजणाऱ्या चिनी समाजात त्यामुळे भिक्षूंची बाजू बळकट झाली.

आधुनिक संशोधनाने ह्या चित्रात काही दुरुस्त्या केल्या आहेत. पाय-चांगने स्वतः लिहिलेली संहिता उपलब्ध नाही. तिचा संक्षिप्त आराखडा इ. स. १००४ च्या आचार्यचरित्रसंग्रहास जोडलेला आढळतो आणि आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सविस्तर झेन संहिता ११०३ मधील आहे. सामुदायिक श्रमही केवळ झेन मठांतच होते असे नाही. जपानी भिक्षू एन्निन याने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत ८३९ मध्ये शान-तुंगमधील एका मठात सलगम व मुळे काढण्यासाठी ज्येष्ठ भिक्षूही शेतात उतरल्याची नोंद केली आहे आणि तो मठ झेन पंथाचा नव्हता. शिवाय मोठ्या मठांच्या जमिनी बहुतांशी कुळेच कसत. याचा अर्थ श्रमाचा नियम हे ढोंग होते असा नाही. मठाच्या उत्पन्नाचा आधार म्हणून नव्हे, तर साधनेचे अंग म्हणून त्याला महत्त्व होते, असा आहे.

इ. स. ८४५ मध्ये वू-त्सुंग सम्राटाने बौद्ध धर्माविरुद्ध मोहीम उघडली. सरकारी नोंदीनुसार ४,६०० हून अधिक विहार पाडले गेले व २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठविण्यात आले. झेन पंथ ह्या आघातातून इतरांच्या मानाने लवकर सावरला. भिक्षू स्वतः राबत असल्यामुळे तो टिकला, असे पूर्वी सांगितले जाई. दूरच्या प्रांतांतील लष्करी सुभेदारांचा त्यास असलेला आश्रय हे कारण आता अधिक पटण्याजोगे वाटते.

सुंग काळ (९६०–१२७९) : ह्या काळात झेन मठ सुसंघटित व राजमान्य झाले. प्राचीन आचार्यांची वचने व प्रसंग यांना ‘कुंग-आन’ (जपानी ‘कोआन’), म्हणजे न्यायालयातील प्रकरण, असे नाव मिळाले आणि शिष्याने त्यांचा उलगडा तर्काने न करता स्वतःच्या अनुभवाने करावा, अशी पद्धत रूढ झाली. वू-मन याने १२२८ मध्ये संकलित केलेल्या ४८ प्रकरणांचा संग्रह आजही वापरात आहे. ह्या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता ता-ह्वेइ (१०८९–११६३) याने सरकारी अधिकारी व इतर गृहस्थ यांना लिहिलेली पत्रे दैनंदिन साधनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. राजकारणाच्या संशयावरून ११४१ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले होते. व्यवहाराचा ताप त्याला ठाऊक होता. कचेरीतील कागद पाहताना, पाहुण्यांशी बोलताना, घरातील मृत्यूच्या शोकातही एका प्रश्नावरील पकड सुटू देऊ नये. किंबहुना अशा गडबडीत मिळविलेले बळ एकांतात मिळविलेल्या बळापेक्षा अधिक खरे असते, असे तो लिहितो. स्वस्थ बसून राहण्यातच समाधान मानणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली. ती टीका ज्यांच्यावर होती त्या त्साओ-तुंग (जपानी ‘सोतो’) शाखेतूनच पुढे रोजच्या कामाचा सर्वांत सूक्ष्म विचार करणारा दोगेन निघाला.

दोगेन आणि मठाचे स्वयंपाकघर : जपानमध्ये झेनची स्थापना करण्याचे श्रेय ११९१ मध्ये चीनहून परतलेल्या एइसाई (११४१–१२१५) यास देतात. दोगेन (१२००–१२५३) हा उमराव घराण्यातील, लहानपणीच आईवडिलांस मुकलेला भिक्षू १२२३ मध्ये चीनला गेला. तेथील बंदरात जहाजावरच थांबला असता एका मठाचा साठीचा आचारी जपानी अळंबी विकत घेण्यासाठी जहाजावर आला. दोगेनने त्यास रात्री मुक्काम करण्याचा आग्रह केला. दुसऱ्या दिवशीचे जेवण आपल्यालाच करावयाचे आहे, असे सांगून त्याने नकार दिला. एवढ्या वयात ध्यान व ग्रंथाध्ययन सोडून स्वयंपाकाची दगदग कशाला, असे दोगेनने विचारताच म्हातारा मोठ्याने हसला आणि ह्या परदेशी तरुणाला साधना म्हणजे काय ते अजून समजलेले नाही, असे म्हणून कित्येक मैलांच्या वाटेने मठाकडे परतला. पुढे दुसऱ्या एका मठात अडुसष्ट वर्षांचा आचारी भर दुपारच्या उन्हात, डोक्यावर काही न घेता, अळंबी वाळत घालताना दोगेनला दिसला. हे काम एखाद्या गड्याला का सांगत नाही, ह्या प्रश्नास दुसरा म्हणजे मी नव्हे, असे उत्तर मिळाले. ऊन उतरेपर्यंत थांबावे असे सुचविता, मग कोणत्या वेळेची वाट पाहू, असा प्रतिप्रश्न झाला.

ह्या दोन भेटी दोगेनने स्वतःच नोंदवून ठेवल्या आहेत. मठाच्या आचाऱ्यासाठी त्याने १२३७ मध्ये लिहिलेल्या तेन्झो क्योकुन (आचाऱ्यास उपदेश) ह्या पुस्तिकेत त्या आढळतात. बौद्ध वाङ्मयात पाकक्रियेस वाहिलेला असा ग्रंथ विरळाच. तांदूळ धुताना खडे व दाणे दोन्हींकडे सारखे लक्ष असावे. एक दाणाही वाया जाऊ देऊ नये. तांदळाच्या धुवणाचे पाणीसुद्धा फेकण्यापूर्वी पाहावे. भांडी उंच ठेवावयाची ती उंच व खाली ठेवावयाची ती खाली ठेवावी. भाजी हलकी आहे म्हणून कंटाळू नये व जिन्नस उंची आहे म्हणून हुरळू नये, अशा सूचना त्यात आहेत. त्यांबरोबर आचाऱ्याच्या ठिकाणी आनंदी मन, आईबापांचे मन व विशाल मन अशी तीन मने असावीत, असे सांगितले आहे. लेकराला थंडी वाजते की भूक लागली आहे, याकडे आईबाप स्वतःचा विचार न करता जसे पाहतात, तसे पाण्याकडे व धान्याकडे पाहावे, हा दुसऱ्या मनाचा अर्थ होय. त्याच्या शोबोगेन्झो ह्या प्रमुख ग्रंथात तोंड धुणे व शौचविधी ह्यांवरही स्वतंत्र प्रकरणे आहेत.

दोगेनच्या विचाराचा गाभा असा, की साधना हे साधन आणि बोधी हे फळ, अशी विभागणी करता येत नाही. बुद्धपण मिळविण्यासाठी बसावयाचे नाही. बसणे हेच बुद्धपणाचे आचरण आहे. हाच न्याय तो स्वयंपाकास लावतो. मात्र त्याने मा-त्सूच्या अनुयायांप्रमाणे सर्व कर्मे सरसकट पवित्र ठरविली नाहीत. कर्म कसे करावे याचे बारीक नियम त्याने घालून दिले आणि शीलपालनावर भर दिला. १२३१ मधील लेखनात स्त्रिया व राजसेवेतील पुरुष यांनाही त्याने साधनेचा अधिकार मान्य केला होता. परंतु १२४४ मध्ये डोंगराळ एचिझेन प्रांतात पुढे एइहेइजी ह्या नावाने प्रसिद्ध झालेला मठ स्थापल्यानंतर त्याच्या लेखनात गृहत्यागाची थोरवी वाढत गेलेली दिसते. दैनंदिन जीवनाचा आचार्य म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोरचे दैनंदिन जीवन भिक्षूचे होते, याचा विसर पडतो.

जपानी गृहस्थ आणि झेन : सोतो शाखा खेड्यापाड्यांत पसरली ती केइझान (१२६४–१३२५) व त्याच्या शिष्यांमुळे. प्रसाराची साधने होती अंत्यविधी, प्रार्थना व शीलदीक्षा. तोकुगावा काळात (१६०३–१८६७) प्रत्येक कुटुंबास कोणत्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदविणे सक्तीचे झाले. झेन म्हणजे चहा, चित्रकला, वाळूची बाग व तलवार असे जे चित्र परदेशी वाचकांपुढे उभे राहते, ते मुख्यतः नगरांतील वरिष्ठ वर्गाचे आहे. सामान्य जपानी कुटुंबाला झेन मंदिर माहीत असते ते पूर्वजांच्या श्राद्धकर्मांमुळे.

तरीही ह्याच काळात गृहस्थांना थेट उपदेश करणारे काही आचार्य झाले. सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) लढलेला सामुराई सुझुकी शोसान (१५७९–१६५५) भिक्षू झाल्यावर शेतकरी, कारागीर, व्यापारी व योद्धा यांच्यासाठी लिहू लागला. ध्यानाला सवड नाही अशी तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याला, नांगराचा प्रत्येक फाळ बुद्धनामाबरोबर जमिनीत घाल, तुझी शेती हीच साधना, असे त्याचे सांगणे असे. काही जपानी विद्वानांना त्यात श्रमप्रतिष्ठेच्या आधुनिक नीतीची चाहूल दिसली. परंतु प्रत्येकाने आपापल्या जन्मजात व्यवसायात संतुष्ट राहावे, हे त्या काळच्या वर्गबद्ध समाजव्यवस्थेला सोयीचे तत्त्वही त्यात आहे. बानकेइ (१६२२–१६९३) याने विद्वानांची चिनी भाषा टाळून बोलीभाषेत प्रवचने केली. जन्मापासून शीघ्रकोपी असल्याची तक्रार करणाऱ्यास तो विचारी, की तो जन्मजात राग आता कोठे आहे, दाखव. आणि या क्षणी नाही तर तो जन्मजात कसा? रिन्झाई शाखेचे पुनरुज्जीवन करणारा हाकुइन (१६८६–१७६९) याने तारुण्यातील अतिरेकी ध्यानाने स्वतःची प्रकृती बिघडवून घेतली होती. कामाच्या धामधुमीत केलेले ध्यान स्तब्ध बसून केलेल्या ध्यानाहून कितीतरी पटींनी श्रेष्ठ होय, असे त्याने सरदारांना लिहिलेल्या पत्रांत बजावले आहे.

आधुनिक काळ आणि युद्ध : १८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर बौद्ध मंदिरांवर हल्ले झाले, राजाश्रय गेला आणि १८७२ च्या आदेशाने भिक्षूंना विवाह व मांसाहार यांची मोकळीक मिळाली. राष्ट्राला आपला उपयोग आहे हे सिद्ध करण्याची निकड बौद्ध पंथांना वाटू लागली. १८९३ मध्ये शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांप्रमाणेच शाकू सोएन हे रिन्झाई आचार्यही उपस्थित होते. रशिया-जपान युद्धात (१९०४–०५) हेच आचार्य लष्करी धर्मोपदेशक म्हणून रणभूमीवर गेले. त्यांचे शिष्य दा. त. सुझुकी (१८७०–१९६६) यांच्या इंग्रजी ग्रंथांनी पाश्चात्त्य जगास झेनची ओळख करून दिली. त्या ग्रंथांत सामुराईच्या तलवारीला मोठे स्थान आहे. पुढील दशकांत दोन्ही प्रमुख शाखांतील कित्येक आचार्यांनी सैनिकाने ‘मी’पणा विसरून आज्ञा पाळणे आणि झेनमधील निरहंकार यांत फरक उरू दिला नाही. आता येथे जे कर्म समोर आहे त्यात पूर्णपणे विरून जावे, ही शिकवण स्वयंपाकघरातून बराकीत जशीच्या तशी नेता आली. त्सुंग-मीने अकराशे वर्षांपूर्वी घेतलेला आक्षेप असा खरा ठरला.

अपवाद होते. हाकोने डोंगरातील एका लहान सोतो मंदिराचा पुरोहित उचियामा गुदो (१८७४–१९११) याने कुळांची दैन्यावस्था पाहून खंड, सक्तीची लष्करभरती व सम्राटपूजा यांविरुद्ध एक पुस्तिका १९०८ मध्ये गुप्तपणे छापली. १९०९ मध्ये त्याला अटक झाली, १९१० मध्ये सोतो पंथाने त्याला बहिष्कृत केले आणि २४ जानेवारी १९११ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात त्याला फाशी देण्यात आले. युद्धातील झेनच्या सहभागाची चिकित्सा जपानमध्ये इचिकावा हाकुगेन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. इंग्रजीत ब्रायन व्हिक्टोरिया यांचा ग्रंथ १९९७ मध्ये निघाला. सोतो पंथाने १९९२ मध्ये पश्चात्तापाचे निवेदन काढले आणि १९९३ मध्ये उचियामाचे पौरोहित्य मरणोत्तर पूर्ववत केले.

दुसरा कसोटीचा प्रसंग अस्पृश्यतेसंबंधी होता. चर्मकाम, मृत जनावरांची विल्हेवाट इ. व्यवसायांमुळे हीन मानल्या गेलेल्या जपानी ‘बुराकू’ समाजाविरुद्ध भेदभाव अस्तित्वातच नाही, असे विधान १९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म व शांतता परिषदेत सोतो पंथाच्या तत्कालीन प्रशासनप्रमुखाने केले. त्यावर जपानमध्ये वादळ उठले व १९८४ मध्ये ते विधान मागे घ्यावे लागले. चौकशीत असे आढळले, की मंदिरांनी ह्या समाजातील मृतांना पशू, चामडे अशा अर्थाची अक्षरे असलेली मरणोत्तर नावे देऊन ती थडग्यांवर कोरली होती आणि ह्या लोकांचे हीनत्व त्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे उपदेशिले होते. वाट्यास आलेले दुःख पूर्वकर्माचे फळ म्हणून सोसावे, ही बोधिधर्माच्या नावावरील चर्या स्वतःच्या दुःखाला लावणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या दुःखाला लावणे वेगळे. ह्या प्रकरणानंतर सोतो पंथाच्याच कोमाझावा विद्यापीठातील हाकामाया नोरिआकी व मात्सुमोतो शिरो यांनी सर्व काही मुळातच बुद्धमय आहे हा सिद्धांतच बौद्ध नाही. जे आहे ते ठीक आहे, असे म्हणून तो विषमतेवर पांघरूण घालतो, अशी टीका केली. तिचे प्रतिपादन अजूनही विवाद्य आहे.

महाराष्ट्रातील वाचकास हा वाद अपरिचित वाटणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कर्म व पुनर्जन्म यांचा प्रश्न उपस्थित केला आहेच. शिवाय भिक्षुसंघाची स्थापना केवळ स्वतःपुरता पूर्ण मनुष्य घडविण्यासाठी झाली की समाजाचा सेवक घडविण्यासाठी, असेही त्यांनी विचारले आहे. त्यांचा रोख झेनकडे नव्हता. परंतु आधुनिक झेनला जपानमध्ये व व्हिएटनाममध्ये ज्या प्रश्नास तोंड द्यावे लागले, तो नेमका हाच होता.

व्हिएटनाममधील थिएन पंथात संसारात राहून धर्माचा आनंद घेण्याची परंपरा तेराव्या शतकातील सम्राट-भिक्षू त्रान न्यान तोंग (१२५८–१३०८) याच्यापासून आहे. युद्धाने होरपळलेल्या ह्या देशात थिक न्यात हान्ह (१९२६–२०२२) यांनी तरुण समाजसेवकांची शाळा काढली आणि १९६६ मध्ये चौदा शीलनियमांवर आधारलेला एक लहान संघ स्थापला. बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभारणाऱ्या ह्या कार्यकर्त्यांपैकी काही मारले गेले. परदेशात अडकलेल्या न्यात हान्ह यांनी १९७४ च्या सुमारास त्यांच्यासाठी एक दीर्घ पत्र लिहिले. श्वासाकडे लक्ष ठेवावे, भांडी घासताना भांडीच घासावीत, चहा पिताना चहाच प्यावा, असा त्याचा विषय आहे. हे पत्र पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचले गेले, तेव्हा ते निवांत वेळेसाठी लिहिलेले नव्हते ही गोष्ट बहुतेक वाचकांच्या ध्यानात आली नाही.

अमेरिकेत सुझुकी शुन्र्यू (१९०४–१९७१) यांनी १९६२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे झेन केंद्राची स्थापना केली व गृहस्थांची साधना तेथे रुजविली. कोरियन आचार्य सुंग सान यांच्याकडे काही काळ शिकलेले जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन वेदना व ताण यांनी त्रस्त रुग्णांसाठी सावधानता-अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बुद्ध, संघ वा शील यांचा उल्लेख हेतुतः ठेवलेला नाही. ह्या अभ्यासक्रमाचा प्रसार रुग्णालयांत, शाळांत, व्यापारी कंपन्यांत व लष्करातही झाला आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ पासून शिकविली जाणारी विपश्यना बाह्यतः याच्याशी मिळतीजुळती वाटली, तरी ती ब्रह्मदेशातील थेरवादी परंपरेतून आली आहे. झेनशी तिचा संबंध नाही आणि तेथे शिबिराच्या आरंभी पंचशील घ्यावे लागते.